आमचा हरणारा संघ

परवा स्वयंपाकघराची खिडकी या वर्षी पहिल्यांदा सताड उघडली. हिवाळाभर फटीतून वारा येऊ नये म्हणून चौकटीत कोंबलेली लोकर काढून टाकली. खालच्या अंगणात फ्लीडरच्या फुलझाडाला जांभळट कळ्या धरल्या होत्या. मी कणीक मळत होते आणि रेडिओवर अमेरिकन फौजेच्या स्टेशनच्या बातम्या लागल्या होत्या. नेहमीचंच सगळं. व्हिएतनाम, बर्लिन, हवामान. शेवटी निवेदकाने आवाज जरा मोकळा करून सांगितलं की बेसबॉलचा मोसम सुरू झाला, अमक्याने तमक्याला हरवलं. माझा हात पिठातच थांबला.

"आई, वास इस्ट?" काय झालं, म्हणून चारूने गृहपाठातून मान वर केली.

"काही नाही गं. बेसबॉल सुरू झाला."

"बेसबॉल? डू?" तू आणि बेसबॉल, म्हणून ती खुदकन हसली. तिच्या लेखी आई म्हणजे पोळ्या, वेणी आणि शाळेच्या दारात छत्री घेऊन उभी राहणारी बाई. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि आमचं छान चालतं. पण ते एक वर्ष तिला कुठल्या भाषेत सांगायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चारू तेव्हा नव्हती.

त्या वर्षाच्या आदल्या शरद ऋतूत आम्ही श्टुटगार्टला आलो होतो. हे इथल्या टेक्निशे होखशूलमध्ये डॉक्टरेट करत होते. टेकडीच्या उतारावर फ्राउ झेलर नावाच्या विधवा बाईंच्या घरात सगळ्यात वरच्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मागच्या खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसत, पुढच्या खिडकीतून शहर. लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, तरी घरांच्या रांगेत मध्येच रिकाम्या जागा होत्या, तोंडातला एखादा दात पडावा तशा. मला जर्मन येत नव्हतं. दुकानात बोट दाखवून बटाटे घ्यायचे, "डांके" म्हणून आभार मानायचे, घरी यायचं. मला दिवस गेले होते. त्या हिवाळ्यात मी विणकाम शिकले आणि बर्फ पहिल्यांदा पाहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी, दिवस भरायच्या आधीच, इस्पितळात जावं लागलं. एका उंच परिचारिकेने माझ्या कपाळावर हात ठेवून लांबलचक काहीतरी सांगितलं. त्यातला मला एकच शब्द कळला: श्लाफेन, झोपणं. मी झोपले. जागी झाले तेव्हा सगळं आटोपलं होतं. खोली स्वच्छ होती, खिडकीत एक कुंडी होती आणि हे खुर्चीत बसले होते, कोट न काढता.

"बाळ?" मी विचारलं.

ह्यांनी मान हलवली. "आधीच गेलं होतं," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आईला दाखवत नाहीत म्हणे इथे. विसरायला सोपं जातं म्हणतात."

"बरं," मी म्हणाले.

पुढचे कितीतरी महिने माझ्याकडे तो एकच शब्द होता. जेवतेस का, बरं. फिरून येऊ या का, बरं. घरी पत्र टाकलंय, बरं. मुलगा होता की मुलगी, हेही मी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलं नाही. लोकांना वाटत असेल की मी दुःखात आहे. तसं नव्हतं. दुःख म्हणजे काहीतरी होत असतं. मला काहीच होत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला असूनही आपला लागत नाही ना, तशी मी सगळीच्या सगळी झाले होते. घरी आल्यावर दूध आलं. मी नुसती बघत राहिले. फ्राउ झेलरनं जुनी चादर फाडून लांब पट्टी केली आणि माझ्या छातीभोवती घट्ट गुंडाळून बांधली. बांधताना तिचे ओठ हलत होते, पण काय म्हणत होती ते मला कळलं नाही. तिचे दोन मुलगे लढाईत गेलेले. त्यांचे फोटो जिन्यातून तिच्या दिवाणखान्याचं दार उघडं असलं की दिसायचे.

दोन-तीन दिवसांनी तीच म्हातारी आपल्या दिवाणखान्यातला रेडिओ उचलून, मध्ये मध्ये पायरीवर टेकवत, धापा टाकत वर घेऊन आली. लाकडी, जड, पुढे हिरवा डोळा असलेला. ह्यांना म्हणाली, दिवसभर बाई एकटी असते, घरात माणसाचा आवाज हवा.

मी खुंटी फिरवत गेले. जर्मन, जर्मन, फ्रेंच, चर्चची गाणी, आणि मग एकदम इंग्रजी. मी मिरजेच्या शाळेत आणि पुढे सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकलेली, तरी या इंग्रजीला सरावायला वेळ लागला. ही माणसं शब्द चघळून चघळून बोलत. पण कळत होतं. फेब्रुवारीनंतर घरात माझ्याशी, म्हणजे मला कळेल असं, दिवसभर बोलणारं तेवढंच एक होतं.

एप्रिलमध्ये बेसबॉल सुरू झाला. तिकडच्या दुपारचे सामने आमच्याकडे संध्याकाळी ऐकू येत. काही वेळा आदल्या दिवशीचा सामना दुपारी पुन्हा लावत. पहिले काही दिवस मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. माझे भाऊ क्रिकेट खेळायचे, त्यामुळे कुणीतरी चेंडू टाकतो आणि कुणीतरी तो मारतो एवढं ध्यानात आलं. बाकीचं हळूहळू कानांनी जुळवत गेले. फलंदाजाने चेंडू मारला की पळत सुटायचं. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना शिवत शिवत, निघालो तिथेच परत यायचं. त्या जागेला 'होम' म्हणतात. घरी पोचला की एक धाव. पण बहुतेक जण घरी पोचतच नाहीत. कुणी दुसऱ्या कोपऱ्यावर, कुणी तिसऱ्यावर अडकलेला असतो, तेवढ्यात डाव संपतो. समालोचक अगदी सहज सांगायचा, "दोघे जण वाटेतच राहिले." मी बटाटे सोलत ऐकायचे. वाटेतच राहिले. बरं.

मैदान काही मी पाहिलं नव्हतं. डोळ्यांसमोर आमच्या शाळेमागचं मैदान यायचं, कडेला कडुलिंब, पलीकडे रेल्वेचे रूळ. त्या मातीत मी सगळी अमेरिका खेळवली.

माझा एक संघ ठरून गेला. का, ते सांगता येणार नाही. कदाचित त्यांचा समालोचक सावकाश बोलायचा म्हणून. तो संघ हरायचा. शेवटून पहिला असायचा, फार तर शेवटून दुसरा. त्यात एक म्हातारा गोलंदाज होता. म्हातारा म्हणजे चाळिशीचा असेल, पण समालोचक त्याच्याविषयी असं बोलायचा की मला तो काठी टेकत येतोय असंच वाटायचं. त्याला सगळे लेफ्टी म्हणत. ते त्याचं आडनाव आहे अशी माझी समजूत होती. डावखुऱ्याला असंच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. लेफ्टीच्या चेंडूत आता वेग उरलेला नव्हता. तो लोकांना फसवायचा. दोन चेंडूंच्या मध्ये इतका वेळ घ्यायचा की समालोचकाला हवेतल्या ढगांविषयी, पहिल्या रांगेतल्या बाईच्या टोपीविषयी बोलत बसावं लागायचं. मला ते फार बरं वाटायचं. काहीच होत नाहीये, आणि तरी कुणीतरी त्याविषयी आपुलकीने बोलतंय.

फ्राउ झेलरलाही एवढं कळलं की वरची बाई कुठलातरी खेळ ऐकते. आठवड्याच्या पाळीने जिना झाडायचा असतो इथे, त्याला केअरवोखे म्हणतात. माझी पाळी असली की मी वरून झाडत यायचे आणि ती आपल्या दारात उभी राहायची.

"उंड? गेव्होनेन?" जिंकलात का?

"नाइन." नाही.

"माख्ट निक्स," ती म्हणायची. काही हरकत नाही. आणि कधी कधी लाल आंबट फळांच्या केकचा तुकडा बशीत घालून द्यायची. हरल्याबद्दल केक मिळण्याची ती पद्धत मला आवडली होती, असं आता म्हणते. तेव्हा मी तो खाल्ला आणि बशी धुऊन परत दिली, एवढंच.

जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी मी डाळीला फोडणी देत होते. खेळाच्या बातम्या लागल्या. माझ्या संघाने लेफ्टीला विकलं होतं. दुसऱ्या शहरातल्या एका संघाला. बदल्यात दोन नवी पोरं आणि काही रक्कम. तो आज रात्रीच्या गाडीने जाईल, निवेदक म्हणाला, आणि पुढच्या क्षणी बव्हेरियात पाऊस पडण्याची शक्यता सांगू लागला.

मोहरी जळली. मी बघत उभी राहिले. एवढ्यात हे आले. बॅग काखेत, बुटांचे बंद सोडायला वाकलेले.

"विकला त्यांनी त्याला!" मी म्हणाले.

हे वाकलेलेच राहिले. "कुणी? कुणाला?"

"लेफ्टीला! इतकी वर्षं त्यांच्यासाठी खेळला तो. विचारलं नाही, सांगितलं नाही. संध्याकाळी उचललं आणि गाडीत घालून दिलं. लोकांना शेवटचं बघूसुद्धा दिलं नाही. असं करतात का? माणूस आहे ना तो? कुणाचा तरी आहे ना?"

माझा आवाज चढला होता. खाली फ्राउ झेलरच्या खोलीत ऐकू गेला असणार. हे हळूच खुर्चीत बसले, बॅग मांडीवर घेऊन.

"लेफ्टी कोण?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं शेजारचं कुणीतरी.

"बेसबॉलमधला."

मला वाटलं ते हसतील. किंवा म्हणतील, अगं खेळ आहे तो. ते हसले नाहीत. त्यांनी मग बॅग खाली ठेवली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "मला सांग. पहिल्यापासून."

मी टेबलावर चार बटाटे मांडले. हे होम, हे पहिलं, हे दुसरं, हे तिसरं. मधे मिठाची बाटली, तो लेफ्टी. हे इंजिनीअर. त्यांनी लगेच विचारलं, कोपऱ्याकोपऱ्यात अंतर किती, चेंडू कुठल्या कोनात वळतो, चामड्याचा हातमोजा फक्त एकाच हातात का. मला निम्मं माहीत नव्हतं. जे माहीत होतं ते सांगत गेले. डाळ गार झाली. फेब्रुवारीपासून मी सलग एवढं बोलले नव्हते. पण कुणी असं समजू नये की त्यानंतर मी मोकळी झाले. सकाळी उठले तर गाल पुन्हा तसाच बधिर होता. लेफ्टीविषयी काय वाटतंय असं कुणी विचारलं असतं, तर म्हटलं असतं, बरं.

बदलले ते हे. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेतून संध्याकाळी वेळेवर घरी येऊ लागले. त्यांच्याकडे एक अमेरिकन पाहुणा संशोधक होता. त्याचं वाचून झालेलं फौजेचं वर्तमानपत्र, शिळं झालेलं, हे घेऊन येत. जेवणं आटोपून आम्ही दोघं रेडिओसमोर बसायचो. मी विणत असायचे. काय विणत होते आठवत नाही. पुष्कळदा विणलेलं उसवत होते. आणि हे, ज्यांनी मिरजेत कधी पतंगसुद्धा उडवला नव्हता, ते त्या संघाच्या कारभारावर चिडायला लागले.

"याला बाहेर का काढला? चांगला चालला होता!"

"दमला असेल."

"दमला कसला! हा मॅनेजर माणसं बघतच नाही. नुसती घाई."

जुलैत त्या मॅनेजरलाच काढून टाकलं. हे खूश झाले. मग नव्या मॅनेजरने पहिल्याच आठवड्यात तेच सगळं केलं आणि हे त्याच्यावरही चिडले. लेफ्टीच्या बदल्यात आलेल्या दोन पोरांपैकी एकाला चेंडू नीट टाकता येत नव्हता. "ह्याच्यासाठी?" हे हात पसरून रेडिओला विचारत. "ह्याच्यासाठी दिला त्याला?" मी त्यांच्याकडे बघायचे. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. इस्पितळात ते कुणावर रागावले नव्हते. सगळ्यांना "डांके शेन" म्हणत होते.

एका रविवारी म्हणाले, "चल, खरा खेळ बघून येऊ." शहराबाहेर अमेरिकन फौजेच्या बराकी होत्या आणि त्यांच्या मैदानावर शिपायांचे सामने चालत. आम्ही श्ट्रासनबाहनने, म्हणजे ट्रामने, शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, पुढे चालत. मी जरीकाठाची साडी नेसले होते. कुणी आत जाऊ देईल की नाही शंका होती, पण फाटकावरच्या पोराने साडीकडे बघितलं आणि हसून सोडलं.

मैदान लहान होतं. हे पहिलं. माझ्या कानांतलं मैदान केवढं तरी मोठं होतं. गोलंदाज मातीच्या एका उंचवट्यावर उभा राहतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. खेळाडू सारखं काहीतरी चघळत होते आणि थुंकत होते. कडुलिंब नव्हता. चेंडू बॅटवर बसल्याचा आवाज मात्र रेडिओत यायचा तसाच होता. तेवढं एक ओळखीचं.

आमच्या शेजारी बाकावर एका शिपायाची बायको बसली होती, डोक्याला फुलांचा रुमाल, हातात लिंबू सरबताचा थर्मास. तिने आम्हाला दोघांना पेल्यात ओतून दिलं. विचारलं, पहिल्यांदाच बघताय का, कुठला संघ तुमचा. मी नाव सांगितलं तशी ती मोठ्याने हसली. "अरे देवा! त्यांच्या बाजूने तर त्यांच्या आयासुद्धा नसतात." हेही हसले. मग तिने, कुणीही विचारतं तसं, विचारलं, "मुलंबाळं?"

"नो," मी म्हणाले.

त्याच क्षणी हे म्हणाले, "वन." आणि थांबले.

त्या बाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. मग मैदानाकडे पाहून टाळ्या वाजवू लागली, खरं तर काहीच झालं नव्हतं. आम्ही सामना संपेपर्यंत बसलो. परतीच्या ट्राममध्ये काचेत मला ह्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यावरून घरं मागे जात होती. मला विचारायचं होतं असं नाही. विचारायचं असतं हे समजत होतं. पण तो प्रश्न जिथून निघायला हवा, तिथे माझ्यात कुणी नव्हतं.

त्या उन्हाळ्याचं मला पुष्कळ काही आठवतं आणि त्यातल्या कशाशीच माझा संबंध असल्यासारखं वाटत नाही. द्राक्षवेलींवर फवारलेल्या निळसर औषधाचा वास. दुपारी जिन्यात पडणारा रंगीत काचेचा हिरवा तुकडा. फ्राउ झेलरनं शिकवलेलं, उकळत्या पाण्यात पीठ खरवडून टाकायचं ते श्पेत्सले, आणि त्यावर मी घातलेली जिऱ्याची फोडणी. ती खाऊन म्हातारी "झो, झो" म्हणाली होती आणि पुन्हा वाढून घेतलं होतं. आमचा संघ हरत होता. संध्याकाळ लांब होती, दिवे न लावताच बसता यायचं. रेडिओचा हिरवा डोळा तेवढा चमकायचा. लेफ्टी नव्या गावात दोनदा खेळला, दोन्हीदा मार खाल्ला, आणि मग त्याचं नाव ऐकू येईनासं झालं. हे म्हणाले, "त्याला घरीच ठेवायला हवा होता."

ऑक्टोबर आला. मळ्यांत द्राक्षं काढून झाली, वेली पिवळ्या पडल्या. मोसम संपला, आमचा संघ शेवटून पहिला आला. एका संध्याकाळी मी कांदा चिरत होते आणि जिन्यात पावलं वाजली. हे नेहमी सावकाश चढतात. त्या दिवशी धावत आले. हातात वर्तमानपत्र, टोपी डोक्यावरच.

"जाणार म्हणे," ते दारातूनच म्हणाले.

"कोण?"

"संघ. अख्खा संघ. मालकाने ठरवलंय. गाव सोडून दुसऱ्या शहरात नेणार. तिथे मोठं मैदान बांधून देतायत." त्यांनी पेपर टेबलावर ठेवला, कांद्याच्या सालींवरच. "पन्नास-साठ वर्षं त्या गावात होता, अगं. आजे, बाप, मुलं, सगळे तिथेच येऊन बसायचे. आणि हा एक माणूस एका सकाळी ठरवतो, आणि संपलं. लोकांनी काय करायचं? त्यांनी कुठे जायचं बघायला?"

मला काहीच वाटलं नाही. खरं सांगते. जूनमध्ये एका म्हाताऱ्या गोलंदाजासाठी ओरडलेली मी, अख्ख्या संघाच्या बातमीने जागची हलले नाही. "जाऊ दे त्यांना," मी म्हणाले. "तिकडे तरी जिंकतील."

"जाऊ दे काय? असं कसं जाऊ दे?" हे म्हणाले. "असं काढून न्यायचं? निदान एकदा... निदान सांगायचं तरी..." आणि त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. ते खुर्चीत बसले, टोपीसकट, आणि रडायला लागले. पुरुष रडताना मी पाहिला नव्हता. आमच्या घरात वडील गेले तेव्हाही थोरल्या भावाने आधी पंच्याने तोंड झाकलं होतं. ह्यांनी झाकलं नाही. हात मांडीवर तसेच पडलेले, आणि पाणी हनुवटीवरून कोटावर.

मी गॅस बारीक केला.

"मी बघितलं होतं तिला," ते म्हणाले.

तिला.

एवढ्या महिन्यांत आम्ही दोघांनी एकदाही तो शब्द उच्चारला नव्हता. बाळ म्हटलं होतं, तेही एकदाच. मराठीत बाळ 'ते' असतं. माझ्यासाठी ते 'ते'च राहिलं होतं. आणि आता ह्यांच्या तोंडून एका शब्दात मला कळलं की मला मुलगी झाली होती.

"त्या सिस्टरनं विचारलं, बघायचंय का. मी हो म्हटलं. मला वाटलं, निदान एकाने तरी बघावं. टॉवेलात होती. मी घेतलं होतं हातात. मग त्या म्हणाल्या, बायकोला सांगू नका, लवकर विसरेल ती. मी वाट बघत होतो तू कधी विचारशील. तू विचारलंच नाहीस. मग मलाच कळेना, कसं सांगायचं." त्यांनी श्वास घेतला. "फ्राउ झेलर आल्या होत्या माझ्याबरोबर. पुरायला. त्यांनीच पाद्र्याशी बोलून जागा मिळवली. कोपऱ्यात आहे, भिंतीशी."

मी हात धुतले. कांद्याचा वास जात नव्हता, पुन्हा धुतले. त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"केस होते?" मी विचारलं.

"होते. खूप."

"कसे? माझ्यासारखे, की तुमच्यासारखे? कुरळे?"

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. अगदी प्रामाणिकपणे, डोळे मिटून. मग म्हणाले, "ओले होते. कळलं नाही."

मी मान हलवली. मला रडू आलं नाही. मात्र त्या रात्री मी दोनदा वाढून घेऊन जेवले, आणि हे मला स्पष्ट आठवतं, की भाताला चव होती.

संघ गेला. नव्या गावात पुढे तो जिंकायला लागला असं कानावर आलं, पण आम्ही पुन्हा कधी तसं बसून ऐकलं नाही. हे मधूनच पेपरात बघायचे आणि "बघ, जिंकले चोर," असं म्हणायचे. त्यांचा राग अजून गेलेला नाही. पुढे चारू झाली. ती झाली तेव्हा मी सिस्टरला माझ्या मोडक्या जर्मनमध्ये आधीच बजावून ठेवलं होतं, काहीही झालं तरी आधी माझ्या हातात द्यायचं. दिलं त्यांनी. चारूच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

पण त्या वर्षाचं राहिलेलं एक सांगायचं आहे. नोव्हेंबरच्या शेवटी, नाताळाच्या आधी, इथे एक रविवार मृतांचा असतो. सकाळी फ्राउ झेलर काळा कोट घालून वर आली आणि म्हणाली, "आल्झो, चला." तिच्या हातात देवदाराच्या हिरव्या फांद्यांचा भारा होता. दोन जुड्या तिच्या मुलांच्या नावच्या दगडाशी ठेवायला, कारण ते स्वतः कुठे आहेत ते तिला माहीत नव्हतं. तिसरी जुडी तिने माझ्या हातात दिली.

भिंतीशी लहान लहान वाफे होते. आमच्या वाफ्यावर एक लाकडी पाटी होती आणि पाटीवर फक्त आडनाव. नाव ठेवलंच नव्हतं. मी त्या पाटीवरचं आमचं आडनाव जर्मन अक्षरांत वाचलं. मला वाटलं होतं तिथे गेल्यावर काहीतरी होईल. काही झालं नाही. माती काळी होती, कडक होती. पलीकडे एक बाई झारीने फुलांना पाणी घालत होती.

आता जमीन गोठेल, फ्राउ झेलर सांगत होती, म्हणून वरून झाकायचं असतं. फांद्यांची टोकं खाली, एकीवर एक, मधे फट राहू द्यायची नाही. मी उकिडवी बसले आणि घालत गेले. वाफा इतका लहान होता की अर्धी जुडी उरली. ती मी उशाशी दुसऱ्यांदा घातली. कडेच्या फांद्या मातीत दाबल्या. हे मागे टोपी हातात घेऊन उभे होते.

"झो," फ्राउ झेलर म्हणाली. "येत्स्ट हाट झी एस वार्म." तोवर मला तेवढं जर्मन समजू लागलं होतं. आता तिला ऊब आहे.

मी उठले. बोटांना चीक लागला होता आणि थंडीने ती वाकत नव्हती. माझे हातमोजे घरीच राहिले होते. फ्राउ झेलर पुढे फाटकाकडे निघाली. मी ह्यांच्याजवळ गेले आणि माझा हात त्यांच्या कोटाच्या खिशात घातला, त्यांच्या हाताशेजारी. मिरजेत असतो तर चारचौघांत असं कधी केलं नसतं. खिशात ट्रामचं जुनं तिकीट होतं आणि आत गरम होतं. हळूहळू बोटं दुखायला लागली, गोठलेली बोटं उबेला आली की दुखतात तशी. मी हात तिथेच राहू दिला.